नंबराचं औषध

क्षितिजा खोकली की कमळच्या तव्यावरची भाकरी करपायची. खोकला फोडणीच्या ठसक्याचा असो, नाहीतर गोदामातल्या पुठ्ठ्यांच्या धुळीचा. कमळचा हात जागीच थबकायचा, कान मागच्या खोलीकडे लागायचे, आणि पोरगी पुन्हा खोकत नाही याची खात्री होईपर्यंत तिला ना तवा दिसायचा, ना समोरचं गिऱ्हाईक.

"अगो, साधा खोकला हाय तो," नवरा बाळाराम म्हणायचा.

"साधा हाय का न्हाय, ते तुमाला काय म्हाईत?"

भिवंडीजवळ राहनाळला गोदामांच्या रस्त्यावर त्यांची खानावळ होती. पत्र्याची शेड, लांबलचक बाकडी, मागे लागूनच घर. दुपार झाली की हमाल, टेम्पोवाले, पॅकिंगच्या पोरी अशा सगळ्यांचा तिथे जेवायला राबता असायचा. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, आठवड्यातून दोनदा सुकट नाहीतर बोंबील. बाळारामचा स्वतःचा टेम्पो होता; सकाळी बाजारातून भाजी-मासळी टाकून तो भाड्याला निघून जायचा. मुलगा कुणाल गुजरातेत नोकरीला. क्षितिजा ही बाळारामच्या धाकट्या भावाची, सावळारामची मुलगी. शेजारच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात ती पार्सलं स्कॅन करायची. पंचविशीची, अंगाने किडकिडीत, बोलायला तिखट.

घरात एचआयव्ही आहे, हे राहनाळात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तर त्या बाकड्यांवर एक माणूस टेकणार नाही, हे कमळ जाणून होती. जेवणातून, ताटातून, हातातून हा आजार पसरत नाही हे तिला डॉक्टरांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवलं तरी तिने सांगितलं असतं. पण ते हमालांना कोण सांगणार? आणि सांगितलं तरी ऐकणार कोण?

सावळाराम लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आजार त्याने रस्त्यावरून आणला, बायकोला दिला, आणि दोघं एकापाठोपाठ गेली. गावाला टीबी सांगितला होता. मागे राहिली ती नुकती पावलं टाकायला लागलेली क्षितिजा. तिच्याही रक्तात तोच विषाणू असल्याचं कळलं तेव्हा दवाखान्यातल्या एकाने आश्रमाचा पत्ता आणून दिला. कमळने पोरीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "हिला कुठं न्हाय ठेवायची."

म्हणजे ती घाबरली नव्हती असं नाही. सुरुवातीला तिने क्षितिजाची ताटली वेगळी ठेवली होती, टॉवेल वेगळा ठेवला होता. कुणालला तिच्या अंथरुणावर जाऊ द्यायची नाही. मग एकदा भांडी घासता घासता ती ताटली बाकीच्या ताटल्यांत मिसळली, आणि वेगळी कोणती ते काही केल्या ओळखू येईना. कमळने थोडा वेळ ताटल्या उलटसुलट करून पाहिल्या आणि मग तो नादच सोडला. त्या दिवसापासून क्षितिजा त्या घराची झाली.

गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगी वाढली. पण नववीत असताना आपण रोज कसल्या गोळ्या घेतो ते तिला नीट कळलं आणि तिचं डोकं फिरलं. गोळी तोंडात घ्यायची, पाणी प्यायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. कमळला वाटायचं, पोर वेळच्या वेळी औषध घेते. घरच्यांना पत्ता लागला तो न्यूमोनियाने पोरगी दवाखान्यात पडली तेव्हा. तोवर विषाणू त्या औषधाला निर्ढावला होता. दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्या काही वर्षं चालल्या, मग त्याही लागू पडेनाशा झाल्या. तिसरा संच तर क्षितिजाने एक दिवसही चुकवला नव्हता. तरीही गेल्या वर्षापासून तिचं वजन उतरायला लागलं, आणि रक्तातल्या विषाणूचा आकडा दर तपासणीला चढायला लागला.

भिवंडीच्या डॉक्टरांनी तिला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे डॉक्टर ऋतिका भेटल्या. वयाने कुणालएवढ्या असतील. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या.

"तुझ्या रक्तातला विषाणू आपल्याकडच्या बहुतेक औषधांना दाद देत नाही," त्या क्षितिजाला म्हणाल्या. "एका नव्या औषधाची चाचणी आमच्याकडे सुरू होते आहे. अजून ते बाजारात नाही. त्याला नावसुद्धा नाही, दोन अक्षरं आणि पुढे नंबर. विषाणूभोवती एक कवच असतं, त्यावर हे काम करतं. आधी थोडे दिवस गोळ्या, मग सहा-सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. परदेशात थोड्या लोकांना दिलंय. बऱ्याच जणांना गुण आला, सगळ्यांना नाही. तुला येईल की नाही, मी आत्ता सांगू शकत नाही."

कमळ नावापाशीच अडकली. औषधाला नाव नाही, म्हणजे काय? डोकेदुखीच्या गोळीलाही नाव असतं.

घरी आल्यावर बाळारामने ताट पुढे सारलं.

"मना न्हाय पटत. माज्या भावाची पोर काय उंदीर हाय, त्यांनी सुया टोचून बघाया? काय झायलं तर कोन जबाबदार?"

"आणि नाही टोचल्या तर काय होईल, काका?" क्षितिजा म्हणाली. "ते पण सांगा ना."

बाळाराम हात धुवायला उठला. क्षितिजा काकीकडे वळली.

"तू बोल, काकी. तुला काय वाटतं?"

कमळला काय वाटत होतं ते तिचं तिलाच धड कळत नव्हतं. हो म्हणावं आणि पोरीला काही झालं तर आयुष्यभर तोंड दाखवायला जागा नाही. नको म्हणावं तर डोळ्यांसमोर जाऊबाई उभी राहायची. शेवटी शेवटी हाडांचा सापळा झालेली, पाणी मागतानाही दमणारी.

"मना भीती वाटते, क्षिती," ती एवढंच म्हणाली.

"मलाही वाटते. पण भीती वाटायला तरी जिवंत राहायला हवं ना," क्षितिजा म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली. निर्णय तिने रुग्णालयातच घेतला होता. घरच्यांना ती फक्त कळवत होती.

संमतीच्या दिवशी टेबलावर रेकॉर्डर ठेवलेला बघून मात्र तिचा चेहरा पडला. चाचणीत भाग घेणाऱ्याने सगळं समजून हो म्हटलंय, याचं ध्वनिमुद्रण करावं लागतं, असं डॉक्टर ऋतिकांनी समजावलं.

"हे कोण ऐकणार?" क्षितिजाने विचारलं. "माझा आवाज असणार यात."

"कुलपात राहतं. तपासणी करणाऱ्या समितीने मागितलं तरच निघतं. तरीही मनाला पटत नसेल तर आत्ता उठून जाऊ शकतेस. तुझे उपचार आम्ही थांबवणार नाही."

क्षितिजा उठली नाही. कमळ रेकॉर्डरपासून लांब कोपऱ्यात बसली होती, पण तिला राहवलं नाही.

"डॉक्टरीणबाय, त्या आधीच्या गोळ्या काही जनांना खोट्या देतात बोललात. आमच्या पोरीच्या वाट्याला खोट्या आल्या तर?"

"येऊ शकतात," डॉक्टर म्हणाल्या. "फरक औषधामुळेच पडतो का, ते तसंच कळतं. कुणाला खऱ्या, कुणाला खोट्या, ते मलाही माहीत नसतं. थोडेच दिवस. नंतर इंजेक्शन सगळ्यांना खरंच मिळतं."

कमळला वाटलं होतं, बाई काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. तसं झालं नाही, आणि त्यामुळे तिची काळजी कमी होण्याऐवजी वाढली. पण बाईंवर विश्वास मात्र बसला.

रेकॉर्डर सुरू झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली आहे का?"

"नाही," क्षितिजा म्हणाली. "उलट घरचे नको म्हणत होते."

बाहेर बाकावर काळ्या बुरख्यातली एक बाई बसली होती, कमळच्याच वयाची. शिपायाने पत्ता विचारल्यावर तिने भिवंडी सांगितलं तशी कमळने पदर डोक्यावरून पुढे ओढला. ती बाई हसली आणि हळूच म्हणाली, "घाबरू नका, ताई. मी तुमाला वळखत न्हाय, तुमी मला वळखत न्हाय."

मग दोघी एकमेकींना चांगल्याच ओळखायला लागल्या. तिचं नाव तय्यबा. कोकणी मुसलमान, घराणं पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं. नवऱ्याचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग होते. तो गेल्यावर मुलगा मोहिउद्दीन बघायचा. तय्यबाला लागू पडणारी औषधंही संपत आली होती, आणि तीही त्याच नंबराच्या औषधासाठी आली होती. तपासणीच्या तारखा बऱ्याचदा एकच पडायच्या. क्षितिजा आत गेली की दोघी बाकावर बसून मुलांच्या, मासळीच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारायच्या. आजाराबद्दल बोलणं व्हायचं ते खालच्या आवाजात, आणि त्या बोलण्यात कमळला पहिल्यांदाच मोकळं वाटायचं. एवढ्या वर्षांत नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी ती हे बोललीच नव्हती.

गोळ्यांचे दिवस कमळने कसे काढले ते तिलाच ठाऊक. क्षितिजाची भूक वाढली की वाटायचं, खऱ्या गोळ्या आहेत. ती दमून लवकर झोपली की वाटायचं, खोट्या. मग इंजेक्शन झालं. टोचलेल्या जागी पोटावर सुपारीएवढी गाठ आली. अशी गाठ येते, हे आधीच सांगितलं होतं. तरी कमळ रोज सकाळी ती बोटाने चाचपून बघायची, आणि क्षितिजा वैतागून कुर्ता खाली ओढायची.

पहिला अहवाल आला तेव्हा डॉक्टर ऋतिकांनी आकडा दोनदा वाचून दाखवला. विषाणू लाखांवरून शेकड्यांत आला होता. तय्यबाचाही तसाच उतरला होता. बाकावर दोघींनी एकमेकींचे हात धरले. कमळने घरी येताना बोंबलांऐवजी पापलेट घेतलं. जेवताना बाळारामने आपल्या ताटातला तुकडा पोरीच्या ताटात सरकवला.

हे सुख फार टिकलं नाही. काही आठवड्यांनी क्षितिजाला ताप भरला. उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. मग मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ वर आली. पोटावरची गाठ सांगितलेली होती. मानेवरच्या गाठीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

बाळारामने टेम्पो काढला. क्षितिजाला मध्ये बसवून तिघं मुंबईच्या वाटेला लागली. कशेळीला पुलाच्या अलीकडे कंटेनरची रांग मुंगीसारखी सरकत होती. क्षितिजाचं डोकं कमळच्या खांद्यावर होतं आणि अंग तव्यासारखं तापलेलं.

"बोललो होतो मी," बाळाराम स्टिअरिंगवर मूठ आपटत म्हणाला. "बोललो होतो का न्हाय? दोन घास खात होती, कामाला जात होती. कशाला घातली पोर त्यांच्या हातात?"

कमळलाही आतून तेच वाटत होतं, आणि नेमकं तेच तिच्याने ऐकवत नव्हतं.

"काका," क्षितिजा डोळे मिटूनच म्हणाली, "भांडू नका. हॉर्न वाजवा."

रुग्णालयात तिला दाखल करून घेतलं. गाठीतलं पाणी काढून तपासायला गेलं. डॉक्टर ऋतिका दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांना घेऊन बसल्या.

"टीबी आहे. गाठीचा," त्या म्हणाल्या.

"म्हंजे औषधानं झायला?" बाळाराम उसळला.

"औषधाने टीबी होत नाही. टीबीचे जंतू तिच्या अंगात आधीपासून असणार. सुरुवातीला आम्ही छातीचा फोटो, थुंकी सगळं तपासलं होतं, तेव्हा ते लपून होते. तिची ताकद इतकी खालावली होती की शरीराला त्यांच्याशी लढताच येत नव्हतं. आता विषाणू दबला, शरीर जागं झालं आणि लढायला लागलं. ताप आणि गाठ त्या लढाईची आहे. म्हणजे एका अर्थी औषध काम करतंय."

बाळारामच्या चेहऱ्यावरून त्याला हे पटल्याचं दिसेना. कमळला मात्र पटलं. पण डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरची आठी गेलेली नव्हती, हेही तिने पाहिलं.

"अजून काय तरी हाय. तुमी बोलत न्हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "टीबीचं जे मुख्य औषध आहे, ते या नव्या औषधाचा जोर घालवतं. दोन्ही एकत्र देता येत नाहीत. टीबीचं ते औषध वगळून दुसऱ्या औषधांवर उपचार होतील, पण ते जास्त दिवस चालतील. आणि अशा रुग्णाला चाचणीत ठेवायचं की काढायचं, ते मी एकटी ठरवू शकत नाही. कंपनीकडून आणि समितीकडून उत्तर यावं लागेल."

"आणि काढली तर?"

"तर पुढचं इंजेक्शन मिळणार नाही."

उत्तर यायचं होतं. टीबीची दुसरी औषधं सुरू करून क्षितिजाला घरी पाठवलं. गोदामातून तिने रजा घेतली. खानावळ बंद ठेवून चालणार नव्हतं. कमळ शरीराने चुलीपाशी आणि मनाने मागच्या खोलीत. मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. फोन वाजला की पिठाच्या हातानेच उचलायची, आणि पलीकडून कुणी कांद्याचा भाव सांगायला लागला की तिला रडू यायचं.

त्यातच एका दुपारी पंढरी जेवता जेवता म्हणाला, "वयनी, तुम्ही त्या मुंबईच्या दवाखान्यात होतात ना? बायकोला न्यायची होती डोळ्यांसाठी, तेव्हा जिन्यात बघितलं तुम्हाला. पोरगी पन दिसत न्हाय हल्ली. काय झालं?"

पंढरी वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, पूर्ण्याच्या गोदामात हमालांचा मुकादम. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. पण बाकड्यावरची बाकीची डोकी वर झाली होती.

"टीबी झायलाय तिला," कमळ म्हणाली. "गाठीचा. तो पसरनारा नसतो."

खोटं नव्हतं ते. तरी ती लगेच पाठ फिरवून भाकऱ्या उलटायला लागली. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या पोरी आल्या नाहीत. टेम्पोवाले दोघे-तिघे पलीकडच्या वडापावच्या गाडीवर उभे दिसले. पंढरी आला, नेहमीच्या जागी बसला आणि मोठ्याने म्हणाला, "माज्या भावाला झालेला गाठीचा. आमी एका ताटात जेवायचो. वाढा वयनी." त्याच्या मागोमाग हमाल आले. पोरी यायला मात्र बरेच दिवस लागले. टीबीच्या नावाने एवढं, तर दुसऱ्या नावाने काय झालं असतं, हा विचार कमळच्या मनातून जाईना.

क्षितिजाने हे सगळं खोलीच्या दारातून ऐकलं होतं. ताप उतरला तशी ती एका सकाळी शेडमध्ये आली, विळी ओढली आणि भोपळा चिरायला बसली. कमळने झटकन तिच्या हातातून फोड काढून घेतली.

"सोड. तू ऱ्हाऊ दे. हात कापला तर?"

"कापला तर धुवीन, पट्टी बांधीन आणि तो भोपळा फेकून देईन. तू पण तेच करतेस ना?" क्षितिजाचा आवाज चढला. "लहानपणापासून बघतेय मी. कुणालदादा भाजी चिरायचा, मी नाही. मी पाण्याचे ग्लास भरायचे. तुला माहितीय यातून काही होत नाही. माहीत असून तू मला लांब ठेवलंस."

"माज्यासाठी न्हाय, पोरी. लोकांसाठी."

"लोकांना तर माहीतच नाही काही! मग कुणासाठी, काकी?"

कमळने फोड परत क्षितिजाच्या हातात दिली आणि समोर बसून लसूण सोलायला लागली. बोट कापेल म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता, तरी ती उठली नाही. भोपळा चिरून झाला. मग कांदे झाले. त्या दिवशीचं कालवण क्षितिजानेच केलं. थोडं तिखट झालं, पण पंढरीने दोनदा मागून घेतलं.

उत्तर आलं ते अशाच एका कामाच्या गडबडीत. डॉक्टर ऋतिकांचा फोन होता. क्षितिजाला चाचणीत ठेवायचं ठरलं होतं. टीबीची औषधं त्या वेगळ्या पद्धतीनेच घ्यायची, रक्त जरा लवकर लवकर तपासायचं, आणि पुढचं इंजेक्शन ठरल्या वेळी. कमळने फोन क्षितिजाकडे दिला आणि खाली फरशीवर बसली. बाळारामला कळवल्यावर टेम्पोच्या इंजिनाच्या आवाजातच तो म्हणाला, "बरं झायलं. ठेवतो. सिग्नल सुटला."

दुसरं इंजेक्शन झालं. गाठ विरत गेली, वजन वाढलं, आणि एका तपासणीत विषाणू इतका कमी आला की यंत्राला तो मोजताच येईना. संपला नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं. दबलाय, आणि दबलेला आहे तोवर तिच्यापासून दुसऱ्या कुणाला व्हायचाही नाही. क्षितिजा परत गोदामात शिफ्टला जायला लागली. चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, हे कमळने विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, गुण आलेल्यांना द्यायचं असं कबूल केलेलं आहे. कबूल केलेलं आहे आणि मिळत आहे यांत किती अंतर असतं ते कमळला ठाऊक होतं. तिने मान हलवली आणि ती काळजी घरी घेऊन आली.

पण त्या दिवशी बाकावर तय्यबा नव्हती. पुढच्या वेळीही नव्हती. कमळने फोन लावला. तय्यबा म्हणाली, "माझं वर चढलं, ताई. औषध लागू पडायचं बंद झालं. मला काढलं त्यातून." आणि फोन ठेवून दिला.

कमळला काय करावं ते सुचेना. आपल्या पोरीचं चांगलं झालं आणि तिचं नाही. कुठल्या तोंडाने जायचं? नाही गेलं तर तेही वाईट. आठवडाभर ती घालमेलीत राहिली. शेवटी क्षितिजाच म्हणाली, "तुला जायचंय तर जा ना. इथे बसून भाकऱ्या बिघडवू नकोस."

तय्यबाचं घर भिवंडीत जुन्या मोहल्ल्यात होतं. भिंतीपलीकडे लूमची खडखड अखंड चालू होती. तय्यबाने दार उघडलं आणि तिला आत घेतलं. तय्यबा अंगाने उतरली होती. तिने चहा टाकला, खारी मांडली, मग समोर बसली.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तुमचा फोन आला तवा मला राग आला. तुमची पोरगी बरी झाली असेल, ते सांगायला केलाय, असं वाटलं."

"मी ते सांगाया न्हाय केला."

"मला ठाव हाय. पण वाटलं." तिने खारी पुढे सरकवली. "सांगा आता. कशी हाय?"

कमळने सांगावं की नाही अशा विचारात कप खाली ठेवला. तय्यबाने तिचा हात दाबला. "सांगा, ताई. कुनाला तरी गुण आला म्हंजे औषध खोटं नव्हतं. मी येडी होऊन नव्हते गेले तिथं."

मग कमळने सगळं सांगितलं. गाठ, टीबी, थांबून राहणं, यंत्राला न सापडलेला विषाणू. तय्यबा ऐकत राहिली. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "डॉक्टरीणबाय मला बोलल्या, तुमच्या रक्तावरून आमाला कळलं विषाणू कुठून निसटतो, पुढच्या लोकांना उपयोग होईल. मी बोलले, पुढच्यांचं ऱ्हाऊ दे, माझं काय? मग परवा फोन केला त्यांनी. दुसरं एक औषध बाहेरून मागवायचं बघतायत माझ्यासाठी. सलाईनमधनं देतात म्हने. जावं लागेल घडी घडी."

"मग जायाचं."

"मोहिउद्दीनला लूम सोडून कसं जमनार? आनि एकटीनं त्या बाकावर बसायचं..." तय्यबाने वाक्य अर्धवट सोडलं.

"मी येते," कमळ म्हणाली.

ती हे बोलून गेली तेव्हा तिला वाटलं, तारीख येईपर्यंत तय्यबा नको म्हणेल. तय्यबा नको म्हणाली नाही. त्या दिवशी क्षितिजाची सुट्टी होती. खानावळ तिने सांभाळली. बाळारामने दोघींना ठाण्यापर्यंत टेम्पोतून सोडलं आणि तय्यबाची पिशवी स्वतः उतरवून दिली.

डॉक्टर ऋतिका खोलीतून बाहेर आल्या आणि कमळला बघून थबकल्या. "आज क्षितिजाची तारीख नाहीये. काही झालंय का?"

"न्हाय, ती बरी हाय. आज मी हिच्यासंगं आयली."

डॉक्टर तय्यबाला आत घेऊन गेल्या. दार लोटलं गेलं. कमळ बाकावर बसली, तय्यबाची पिशवी मांडीवर घेऊन, आणि आतून येणाऱ्या प्रत्येक आवाजाकडे कान देत राहिली.